बालीगंजचे वनस्पतिशास्त्र आणि पानातील इलेक्ट्रॉनांचे नियमन

कोलकात्याच्या दक्षिणेकडील बालीगंज हे एकोणिसाव्या शतकात बागबंगल्यांचे आणि गव्हर्नर जनरलच्या अंगरक्षक घोडदळाच्या छावणीचे उपनगर होते. १८६०च्या दशकात सियालदहहून कॅनिंग बंदराकडे जाणारा लोहमार्ग त्याच्या कडेने गेला आणि पुढे तेथील वस्ती वाढत गेली. या उपनगरातील ३५, बालीगंज सर्क्युलर रोड हा पत्ता (रस्त्याचे आजचे नाव प्रमथेश बरुआ सरणी) भारतीय जीवशास्त्राच्या इतिहासात वारंवार भेटतो, कारण कायदेपंडित तारकनाथ पालित यांनी १९१२ साली कलकत्ता विद्यापीठाला जी मोठी देणगी दिली तिच्यात रोख रकमेबरोबर ही जागाही होती. पुढच्याच वर्षी रासबिहारी घोष या दुसऱ्या नामांकित वकिलाने दहा लाख रुपये देऊन उपयोजित गणित, भौतिकी, रसायन आणि शेतीचा विशेष संदर्भ असलेले वनस्पतिशास्त्र अशी चार अध्यासने स्थापन केली, आणि या सर्व अध्यासनांवर भारतीय विद्वानांचीच नेमणूक व्हावी अशी अट दोन्ही दात्यांनी घातली. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी २७ मार्च १९१४ रोजी विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला शहराच्या उत्तर भागात, ९२, अप्पर सर्क्युलर रोड येथे बसवली. भौतिकी आणि रसायन तेथे राहिले, तर वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांना बालीगंजची जागा मिळाली. वनस्पतिशास्त्राचे पदव्युत्तर अध्यापन १९१८ पासून सुरू झाले.

या विभागाचा इतिहास सामान्यतः वनस्पतींची नावे, त्यांचे अधिवास आणि त्यांची गुणसूत्रे यांच्या अभ्यासाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पानात प्रकाशाचे रूपांतर रासायनिक ऊर्जेत कसे होते आणि त्या कामात लागणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह प्रथिने कशी आवरतात, हा इतिहास मात्र केंब्रिज, बर्कली, टोकियो किंवा क्योटो यांच्या नावाने सांगितला जातो. ही विभागणी पूर्णपणे चुकीची नाही, कारण निर्णायक प्रयोग खरोखरच तेथे झाले. तरीही ती अपुरी आहे, कारण प्रवाहाचे नियमन हा प्रश्न मुळात अधिवासाचा प्रश्न आहे. कोणती वनस्पती किती उन्हात, किती पाण्यात आणि किती मीठ असलेल्या जमिनीत वाढते, यावरच तिला आपल्या पानातील प्रवाह कोठे सोडावा आणि कोठे अडवावा लागतो हे ठरते, आणि अधिवासाचा विचार हाच तर बालीगंजच्या पहिल्या पिढीचा ध्यास होता.

प्रश्न नीट समजण्यासाठी प्रथम प्रवाहाची वाट पाहिली पाहिजे. पानाच्या पेशींत हरितलवक नावाच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांच्या आत चपट्या थैल्यांसारखी पटले असतात, ज्यांना थायलाकॉइड म्हणतात. या पटलांत प्रथिने आणि हरितद्रव्य यांनी बनलेल्या दोन प्रकाशयंत्रणा आहेत. शोधाच्या क्रमामुळे जिला दुसरी म्हणतात ती यंत्रणा वाटेत पहिली येते: ती प्रकाशाच्या बळावर पाण्याचे विघटन करून इलेक्ट्रॉन काढून घेते आणि प्राणवायू बाहेर टाकते. हे इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोन या पटलात फिरणाऱ्या लहान रेणूवर स्वार होऊन सायटोक्रोम बी-सिक्स-एफ या प्रथिनसंकुलाकडे जातात, तेथून तांबे असलेल्या प्लास्टोसायनिन या निळ्या प्रथिनामार्फत पहिल्या प्रकाशयंत्रणेकडे पोहोचतात, तिथे प्रकाशाचा दुसरा धक्का मिळाल्यावर लोह आणि गंधक असलेल्या फेरेडॉक्सिन या प्रथिनाकडे जातात आणि अखेरीस एका विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या, मदतीने एनएडीपीएच हा ऊर्जावाहक रेणू तयार करतात. या प्रवासात धनभारित हायड्रोजन, म्हणजे प्रोटॉन, थायलाकॉइडच्या आत साठत जातात. ते बाहेर पडताना पटलातील एक प्रथिनयंत्र फिरते आणि पेशीचे चलन समजला जाणारा एटीपी हा रेणू बनतो. एनएडीपीएच आणि एटीपी हे दोन्ही मिळाले की हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून साखर घडवता येते.

या व्यवस्थेतील अडचण वेगांच्या विषमतेची आहे. हरितद्रव्य प्रकाश अतिशय जलद टिपते, पण साखर घडवण्याचे रसायन संथ असते. त्यातच ढग सरकला, वाऱ्याने वरचे पान बाजूला झाले किंवा पाण्याअभावी पानाची रंध्रे मिटली, तर काही सेकंदांत मागणी आणि पुरवठा यांचा तोल बिघडतो. अशा वेळी वाट न मिळालेले इलेक्ट्रॉन प्राणवायूवर जाऊन बसतात आणि पेशीला जाळणारे विषारी रेणू तयार होतात. पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळणारा माणूस जसा वरच्या दारातून येणारे पाणी शेताच्या ओलीप्रमाणे कमीजास्त करतो, तशीच काही प्रथिने हरितलवकात नेमलेली आहेत. थायलाकॉइडच्या आतील भाग जास्त आम्ल झाला की सायटोक्रोम संकुलाचे काम मंदावते, त्यामुळे पहिल्या यंत्रणेवर इलेक्ट्रॉनांचा लोंढा येत नाही. त्याच आम्लतेची खूण ओळखून पीएसबीएस नावाचे प्रथिन दुसऱ्या यंत्रणेभोवतीची जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देण्याची सोय करते. आणि प्लास्टोक्विनोनचा साठा इलेक्ट्रॉनांनी भरून गेला की एसटीएन-सेव्हन हा विकर प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून त्यांतील काहींना एका यंत्रणेकडून दुसऱ्या यंत्रणेकडे वळवतो. पण या सगळ्यांत इतिहासकाराचे लक्ष सर्वाधिक वेधून घेणारी व्यवस्था वर्तुळाकार प्रवाहाची आहे, जिच्यात फेरेडॉक्सिनपर्यंत पोहोचलेले इलेक्ट्रॉन एनएडीपीएच बनवण्याऐवजी पुन्हा प्लास्टोक्विनोनकडे परततात. त्यामुळे एनएडीपीएच न वाढता आम्लता आणि एटीपी यांची भर पडते.

बालीगंजच्या अध्यासनावर घोष यांच्या देणगीतून ज्यांची निवड झाली ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी झाला आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असताना सह्याद्रीत केलेल्या भ्रमंतीतून त्यांचे नाव कलकत्त्याला पोहोचले. सातारा जिल्ह्यातील नदीच्या डोहांत त्यांना गोड्या पाण्यातील एक जेलीफिश सापडला. त्या वंशाचा प्राणी तोपर्यंत आफ्रिकेबाहेर ठाऊक नव्हता, आणि भारतीय संग्रहालयातील नेल्सन ॲनंडेल यांनी १९११ साली लिम्नोक्नायडा इंडिका या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शोध प्राण्याचा होता, परंतु त्यामागची दृष्टी भूगोलाची होती: आफ्रिकेतील जीवाचा भाऊबंद सह्याद्रीत कसा आला, हा प्रश्न आघारकरांच्या पुढील सर्व कामाला पुरला.

अध्यासनाच्या नियमानुसार अधिक शिक्षणासाठी आघारकरांना जर्मनीला पाठवण्यात आले आणि ते तेथे असतानाच १९१४ चे महायुद्ध पेटले. भौतिकीच्या घोष अध्यासनावरचे देवेंद्रमोहन बोसही त्याच काळात बर्लिनमध्ये अडकले होते. आघारकरांनी वनस्पतिभूगोलाचे थोर आचार्य आडोल्फ एंग्लर यांच्याकडे वायव्य भारतातील रुक्ष आणि क्षारयुक्त प्रदेशांच्या वनस्पतींवर प्रबंध लिहिला: त्यांच्या बिया कशा पसरतात आणि या वनस्पती मुळात कोठून आल्या, हा त्याचा विषय होता, आणि तो १९२० साली एंग्लर यांच्याच नियतकालिकात छापला गेला. एंग्लर यांचे वनस्पती उद्यान आणि संग्रहालय बर्लिनच्या डालेम या उपनगरात होते. त्याच डालेममध्ये रिखार्ड विलश्टेटर यांनी १९१६ पर्यंत हरितद्रव्याच्या रसायनावर काम केले आणि त्याबद्दल त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि युद्ध संपताच ओटो वारबुर्ख यांनी तेथेच क्लोरेला या एकपेशीय शैवालावर प्रकाशसंश्लेषणाची मोजमापे सुरू केली. वनस्पती कोठे वाढते आणि पान कसे चालते, हे दोन प्रश्न एकाच उपनगरात अगदी शेजारी शेजारी नांदत होते; त्यांचा परस्परांशी संबंध जोडण्याची साधने मात्र त्या वेळी कोणाकडेच नव्हती. पाणी न मिळाल्याने रंध्रे मिटलेल्या वाळवंटी झुडपाच्या पानावर दुपारचे ऊन पडतच राहते, तेव्हा त्या प्रकाशाचे काय होते, हा रुक्ष वनस्पतींविषयीचा सर्वांत कठीण प्रश्न आघारकरांच्या विषयाच्या पोटातच दडलेला होता.

आघारकर परत येईपर्यंत बालीगंजची घडी पॉल योहान्स ब्रूल या जर्मनीत जन्मलेल्या आणि शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दीर्घकाळ शिकवलेल्या प्राध्यापकांनी बसवली होती. ब्रूल आणि त्यांचे शिष्य कालिपद विश्वास यांनी बंगालच्या शैवालांची पद्धतशीर नोंद करण्यास आरंभ केला. मणिपूरच्या लोकटाक सरोवरातील शैवालांवरील त्यांचा लेख १९२६ साली आला, आणि त्याच्या आदल्या वर्षी विश्वास यांनी खुद्द कलकत्त्याच्या रस्त्यांवर पावसाळ्यात धरणाऱ्या शेवाळी थरांवर स्वतंत्र निबंध लिहिला. शहरातील निसरड्या फरसबंदीकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणारे हे काम आज जवळजवळ विसरले गेले आहे, हे खेदाचे आहे. अशा थरांत वाढणारे नीलहरित सूक्ष्मजीव एका क्षणी पूर्ण कोरडे आणि दुसऱ्या क्षणी ओले, एकदा सावलीत आणि एकदा भर उन्हात असतात. प्रवाह आवरण्याची गरज त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला भासत असेल. विश्वास पुढे १९३७ साली शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचे पहिले भारतीय अधीक्षक झाले.

प्रकाशसंश्लेषणाचे प्रत्यक्ष मापन मात्र शहराच्या उत्तर टोकाला चालले होते. ९२, अप्पर सर्क्युलर रोडला लागूनच ९३ क्रमांकाच्या जागेत जगदीशचंद्र बोस यांनी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी आपली संस्था उघडली होती. तेथे त्यांनी हायड्रिला या बंगालच्या तळ्यांत उदंड वाढणाऱ्या पाणवनस्पतीचा उपयोग केला, कारण तिने सोडलेला प्राणवायू बुडबुड्यांच्या रूपाने दिसतो आणि मोजता येतो. प्रत्येक बुडबुडा सुटताच विजेच्या साह्याने कागदावर खूण उमटवणारे यंत्र बोस यांनी बनवले, ज्यामुळे वनस्पतीच आपला वृत्तान्त स्वतः लिहू लागली, आणि या प्रयोगांचा संग्रह असलेला त्यांचा प्रकाशसंश्लेषणावरील ग्रंथ १९२४ साली लंडनहून प्रकाशित झाला. अत्यल्प प्रमाणातील काही द्रव्यांनी प्रकाशसंश्लेषणाचा वेग कसा वाढतो याची निरीक्षणे त्यात आहेत. परंतु आजच्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोलाचा भाग उन्हाळी हायड्रिलाचा आहे. उन्हाळ्यात गोळा केलेल्या रोपांत मॅलिक आम्ल साठलेले असते आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइड न मिळताही अशी रोपे प्रकाशात प्राणवायू सोडत राहतात, हे बोस यांनी दाखवले. एकाच वनस्पतीच्या दोन ऋतूंत दोन निरनिराळ्या कार्यपद्धती असतात, हे विधान त्या काळाच्या पुढचे होते.

त्याच विद्यापीठाच्या शहरात, एकाच ट्रामच्या अंतरावर, एकीकडे अधिवासांचा जाणकार आणि दुसरीकडे मापनाचा आचार्य असताना उन्हाळी हायड्रिलाच्या निरीक्षणाचा धागा कलकत्त्यात पुढे विणला गेला नाही. याला कोणा एका व्यक्तीचा दोष म्हणता येणार नाही. त्या वेळी पानातील क्रियेचे रेणू ओळखायला आवश्यक असणारी सूक्ष्म रसायने आणि वर्णपट मोजणारी साधने भारतात नव्हती, आणि बोस यांच्या प्रयोगांकडे त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या आवरणातून पाहण्याची पाश्चात्त्य समीक्षकांना सवय झालेली असल्याने त्यांतील ठोस आकडे मागे पडले.

त्यानंतर जे घडले ते तुलनेने सुपरिचित आहे. १९३७ साली केंब्रिजमध्ये रॉबर्ट हिल यांनी पेशीतून वेगळी काढलेली हरितलवके कार्बन डायऑक्साइड नसतानाही प्रकाशात प्राणवायू सोडतात, फक्त इलेक्ट्रॉन स्वीकारणारे एखादे द्रव्य हवे, हे सिद्ध केले. म्हणजे पाण्यापासून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह ही साखरेच्या निर्मितीपासून वेगळी काढता येणारी गोष्ट ठरली. १९५४ साली बर्कलीत डॅनियल आर्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरितलवक केवळ प्रकाशाच्या बळावर एटीपी बनवते हे दाखवले आणि त्यातूनच वर्तुळाकार प्रवाहाची कल्पना पुढे आली. १९६० साली हिल आणि फे बेंडाल यांनी दोन प्रकाशयंत्रणा एकापाठोपाठ एक जोडलेल्या असल्याची मांडणी केली, आणि त्याच वर्षी टोकियोच्या साकाए काटोह यांनी क्लोरेला या शैवालातून प्लास्टोसायनिन वेगळे केले.

या वर्तुळाकार प्रवाहाची गरज का पडते, याचा हिशेब असा आहे. एक कार्बन डायऑक्साइड साखरेत बांधण्यासाठी पेशीला दोन एनएडीपीएच आणि तीन एटीपी लागतात. सरळ वाटेने चार इलेक्ट्रॉन गेले की दोन एनएडीपीएच बनतात आणि बारा प्रोटॉन आत साठतात. एटीपी बनवणाऱ्या यंत्राच्या फिरत्या चक्राला पालकाच्या पानात चौदा दाते असतात आणि एका फेऱ्यात तीन एटीपी तयार होतात, म्हणून बारा प्रोटॉनांतून अडीचपेक्षा थोडेच जास्त एटीपी मिळतात. तीनची गरज आणि अडीचची आवक, हा तुटवडा भरून काढणे हे वर्तुळाकार प्रवाहाचे एक काम आहे. उसासारख्या किंवा मक्यासारख्या वनस्पतींत, ज्या प्रथम कार्बनचे चार अणू असलेले आम्ल बनवून कार्बन डायऑक्साइडचा साठा वाढवतात, प्रत्येक कार्बनमागे आणखी दोन एटीपी खर्च होतात, त्यामुळे तुटवडाही मोठा होतो. मॅलिक आम्ल हे अशाच चार कार्बनांच्या आम्लांपैकी एक आहे.

येथे बोस यांच्या हायड्रिलाचा धागा पुन्हा हाती येतो. फ्लोरिडात जॉर्ज बोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास दाखवले की उष्ण, लांब दिवसांत, दाट वाढीमुळे पाण्यातील कार्बन डायऑक्साइड घटला आणि प्राणवायू वाढला की हायड्रिला आपल्या पेशींची व्यवस्था बदलून चार कार्बनांच्या आम्लाची पद्धत स्वीकारते. तीही दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी न वापरता, एकाच पेशीत. ए. एस. राघवेंद्र आणि गोविंदजी या प्रकाशसंश्लेषणाच्या भारतीय अभ्यासकांनी अलीकडच्या काळात बोस यांच्या निरीक्षणाचे हे महत्त्व जगापुढे मांडले. उन्हाळ्यात एटीपीची गरज वाढणे ही वरच्या हिशेबाची अपरिहार्य परिणती आहे, आणि म्हणून ऋतूप्रमाणे बदलणारे नियमन हा बोस यांच्या यंत्राने कागदावर उमटवलेल्या बुडबुड्यांमागचा खरा विषय होता असे म्हणण्यास आधार आहे.

दरम्यान बालीगंजमध्ये विषयाचे केंद्र बदलले होते. एस. एम. सरकार यांच्या प्रयोगशाळेत भाताच्या वाढीवर आणि फुलण्यावर प्रकाशाच्या कालावधीचा होणारा परिणाम अभ्यासला गेला. हेच सरकार १९६७ मध्ये देवेंद्रमोहन बोस यांच्यानंतर बोस संस्थेचे संचालक झाले, त्यामुळे दोन पत्त्यांमधील अंतर निदान एका माणसाच्या आयुष्यात तरी मिटले. गुणसूत्रांच्या क्षेत्रात अरुणकुमार शर्मा आणि अर्चना शर्मा या दांपत्याने विभागाला जागतिक स्थान मिळवून दिले. अर्चना शर्मा यांचा जन्म १९३२ साली पुण्यात झाला. १९५१ मध्ये कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या शिक्षणासाठी आलेल्या अर्चनाबाईंना १९७५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, आणि दोघांनी मिळून लिहिलेले गुणसूत्रतंत्रावरील पुस्तक १९६५ पासून अनेक देशांतील प्रयोगशाळांत वापरले गेले. वरवर पाहता या कामाचा प्रकाशसंश्लेषणाशी संबंध नाही, पण प्रत्यक्षात तो आहे आणि बराच खोल आहे.

हरितलवकाला स्वतःचा छोटा जनुकसंच असतो. १९८६ साली जपानमधील दोन गटांनी तंबाखू आणि लिव्हरवर्ट यांच्या हरितलवकांचे संपूर्ण जनुकक्रम वाचले, तेव्हा त्यांत अनपेक्षितपणे अकरा अशी जनुके सापडली, ज्यांची प्रथिने प्राण्यांच्या पेशीतील श्वसनसंकुलाशी नाते सांगत होती. त्यांपासून बनणारे एनडीएच नावाचे संकुल वर्तुळाकार प्रवाहाच्या दोन वाटांपैकी एक आहे असे पुढे सिद्ध झाले, आणि मका व ज्वारी यांसारख्या वनस्पतींच्या ज्या पेशींत एटीपीची गरज जास्त, त्यांत ते विपुल असल्याचेही आढळले. तरीही त्या संकुलाचे बाकीचे कित्येक भाग केंद्रकातील गुणसूत्रांवर लिहिलेले असतात, आणि दुसऱ्या वाटेची प्रथिने तर पूर्णपणे केंद्रकातून येतात. म्हणजे हरितलवकातील प्रवाह आवरणाऱ्या बहुतेक प्रथिनांची लेखी आज्ञा केंद्रकात, बालीगंजच्या सूक्ष्मदर्शकांखाली जी गुणसूत्रे मोजली जात होती त्यांच्यातच असते.

दुसऱ्या वाटेचा शोध २००२ साली जपानमध्ये तोशिहारू शिकानाई यांच्या गटाने लावला. त्यांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीची हजारो उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेली, रोपे प्रकाशात ठेवून त्यांच्या पानांतून परत येणाऱ्या क्षीण लाल उजेडाची छायाचित्रे घेतली, कारण ज्या रोपाला जादा प्रकाश उष्णतेत सोडता येत नाही, ते वेगळे उजळते. त्यांतून सापडलेल्या पीजीआर-फाइव्ह या लहानशा प्रथिनावाचून थायलाकॉइडच्या आत पुरेशी आम्लता तयार होत नाही. २००८ साली त्याचे सहकारी पीजीआरएल-वन हे पटलातील प्रथिन युरोपीय गटाने ओळखले. एका उत्परिवर्ती रोपात दोन्ही वाटा बंद केल्यावर त्याची वाढ फार खुंटते, आणि पीजीआर-फाइव्ह नसलेली रोपे स्थिर उजेडात तग धरतात पण उजेड मिनिटामिनिटाला कमीजास्त केला तर मरतात, कारण पहिल्या प्रकाशयंत्रणेवर अचानक येणारा लोंढा तिला जाळून टाकतो. प्रयोगशाळेतील स्थिर दिव्याखाली वाढवलेल्या रोपांवरून पानाचे खरे जीवन कळत नाही, हे या प्रयोगाने फार स्पष्ट केले. भूगोल आणि अधिवास यांच्यापासून सुरुवात करणाऱ्या वनस्पतिशास्त्राने हे अगोदरच गृहीत धरलेले होते.

आघारकर १९४६ साली बालीगंज सोडून पुण्यास आले आणि कलकत्त्यात १८७६ पासून चाललेल्या विज्ञानवर्धिनी संस्थेचा आदर्श समोर ठेवून स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे पहिले संचालक झाले. आरंभी या संस्थेला विधी महाविद्यालयाच्या आवारात जागा मिळाली होती. १९६० मध्ये आघारकर गेले आणि १९९२ साली संस्थेच्या संशोधन विभागाला त्यांचे नाव देण्यात आले. पुण्यात ही संस्था गोपाळ गणेश आगरकर यांच्या नावाच्या रस्त्यावर असल्याने तिचे नाव सुधारक आगरकरांवरून पडले असे अनेकांना वाटते, आणि मालवणच्या या वनस्पतिशास्त्रज्ञाची महाराष्ट्राला असलेली ओळख त्यामुळे आणखी पुसट झाली आहे. महाराष्ट्रात प्रकाशसंश्लेषणाचे प्रत्यक्ष संशोधन त्यांच्याआधीच रुजले होते: मुंबईत आर. एच. दस्तूर यांनी १९२०च्या दशकाच्या मध्यात पानातील पाण्याचे प्रमाण आणि प्रकाशसंश्लेषणाचा वेग यांचे नाते मोजले होते. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कोकण किनाऱ्यावरील कांदळवने आणि शैवाले खाऱ्या वातावरणात कार्बन कसे बांधतात याचा अभ्यास १९७०च्या दशकात केला. क्षारभूमीच्या वनस्पतींचा विषय, जो आघारकरांनी बर्लिनमध्ये बियांच्या प्रसाराच्या अंगाने हाताळला होता, तो कोल्हापुरात पानाच्या रसायनाच्या अंगाने पुन्हा उभा राहिला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

भाताबाबतचे पुरावे त्याहून ताजे आहेत. जपानमध्ये भाताच्या रोपांत एनडीएच संकुल निकामी केले तेव्हा मंद उजेडात आणि थंडीत त्यांची वाढ कमी झाली, तर पीजीआर-फाइव्ह घटवलेल्या भातात बदलत्या उजेडाखाली कार्बन बांधण्याचा वेग आणि वाढ ही दोन्ही घटली. बंगालचा आमन भात पावसाळ्यात लावला जातो आणि हिवाळ्याच्या तोंडाशी कापला जातो, म्हणजे त्याच्या वाढीचा मोठा काळ ढगांच्या येण्याजाण्यात जातो. कोकणातील खरीप भाताची स्थितीही तीच आहे. ढगाळ दिवसांच्या या पिकांत वर्तुळाकार प्रवाहाच्या दोन वाटांचा वाटा किती, कोणत्या देशी वाणांत ही प्रथिने अधिक आहेत आणि पीजीआर-फाइव्ह स्वतः इलेक्ट्रॉन वाहून नेते की केवळ दुसऱ्या प्रथिनांना आवरते, हे प्रश्न अजून खुले आहेत; शेवटच्या मुद्द्यावर तर जगातील प्रमुख प्रयोगशाळांत अजून एकवाक्यता नाही.